वैद्य, रुग्ण आणि न्याय



कायदा हा विषय व्याख्यानमालेला फारसा मानवत नाही. संतवाङ्मय, इतिहास, प्रवास यांसाठी मांडव भरतो. कायद्याचे नाव निघाले की ज्याची कोर्टात तारीख लागलेली आहे तेवढाच मनुष्य कान टवकारतो. तरीही यंदा आम्ही हाच विषय घेतला आहे. कोर्टाची पायरी न चढता आयुष्य काढणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु दवाखान्याची पायरी न चढलेले घर एकही सापडणार नाही. घरात कोणी दगावले म्हणजे दारात जमलेल्या माणसांकडून दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले वाक्य, ‘दैवात होते ते झाले.’ दुसरे वाक्य, ‘डॉक्टरने मारले.’ पहिल्या वाक्यात कोणालाच प्रश्न विचारायचा नसतो आणि दुसऱ्यात उत्तर ऐकून घ्यायचे नसते. या दोन वाक्यांच्या मधे जी मोठी जागा आहे तिचा विचार करणे हे कायद्याच्या शास्त्राचे काम होय. कोणी कोणाचे काय देणे लागतो, हा एकच प्रश्न ते शास्त्र विचारते. आज तो प्रश्न आम्ही तिघांना विचारणार आहोत: वैद्याला, रुग्णाला आणि सरकारला.

प्रारंभ आपल्याच किनाऱ्यावरून करू. वैद्यकीय निष्काळजीपणाविषयी भारतात जो निवाडा पायाभूत मानला जातो आणि कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी जो आजही वाचतो, त्याचा उगम दिल्लीमुंबईच्या रुग्णालयात नाही. तो रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूत आहे. ६ मे १९५३ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास, वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड त्या किनाऱ्यावर मोडले. घर तेथून दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत बराच वेळ गेला. रात्री साडेआठ-पावणेनऊला गावचे डॉक्टर आले. त्यांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. पुढे फळ्यांच्या जागी वैद्यकीय पट्ट्या मिळवून बांधल्या. रात्री एकच्या सुमारास टॅक्सी निघाली. बरोबर आई होती आणि ते गावचे डॉक्टरही होते. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ती ९ मे रोजी सकाळी साडेअकराला पुण्यास पोहोचली. दुपारी सव्वादोनला मुलाला एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. संध्याकाळी साडेपाचला प्लास्टर घालून त्याला खोलीत आणले. साडेसहाला त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. रात्री नऊ वाजता तो गेला.

त्याचे वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करीत होते. मृत्यूच्या दाखल्यावर चरबीची गुठळी रक्तात गेल्याचे कारण लिहिले होते. ते वडिलांना पटले नाही. त्यांनी व आईने दावा लावला. खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो गेला आणि मे १९६८ मध्ये, म्हणजे बरोबर पंधरा वर्षांनी, शेवटचा शब्द उच्चारला गेला. न्यायालयाने असे धरले की, पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढण्यात आले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला. भरपाई मिळाली ती तीन हजार रुपये. हाच तो ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ खटला.

आता पंधरा वर्षे झगडून तीन हजारच, असे आपण म्हणाल. परंतु त्या निवाड्यातून देशाच्या पदरात जे पडले त्याची किंमत रुपयांत होणार नाही. न्यायालयाने वैद्याच्या ऋणाचे तीन भाग पाडून दाखविले. हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही, हे ठरविताना काळजी. कोणता उपचार करावा, हे ठरविताना काळजी. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी. या काळजीचे मापही सांगितले. सर्वांत निष्णात वैद्याचे कौशल्य कायदा मागत नाही आणि अगदी कमी प्रतीचे चालवूनही घेत नाही. त्या त्या प्रसंगाची परिस्थिती पाहून वाजवी कौशल्य आणि वाजवी दक्षता एवढेच तो मागतो. रुग्ण बरा झालाच पाहिजे, अशी हमी वैद्याने दिलेली नसते. हमी असते ती काळजीची.

‘प्रसंगाची परिस्थिती’ हे शब्द खेड्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. माप काढले ते इंग्लंडच्या कायद्याच्या आधारे. परंतु या एका अटीमुळे ते लंडनला लागू पडते तसे पालशेतलाही लागू पडते. पाहा, गावच्या डॉक्टरांजवळ काय होते? क्ष-किरण यंत्र नाही, भूल देणारा तज्ज्ञ नाही. होत्या त्या लाकडी फळ्या. त्यांनी पाय स्थिर केला, आपल्या शक्तीबाहेरचे काम हाती घेतले नाही, योग्य जागी पाठविले आणि रात्रभर टॅक्सीत बरोबर बसून गेले. दोष त्यांच्यावर आला नाही, कारण त्यांचे देणे त्यांनी फेडले होते. ज्याच्याजवळ साधने होती त्याला न्यायालयाने अधिक विचारले. साधन जितके मोठे तितके ऋण मोठे, हा या निवाड्याचा गाभा आम्हांस वाटतो.

हा विचार आपल्याकडे अगदी नवा आहे असेही समजू नये. धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे रत्नागिरी जिल्ह्याचेच. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करता करता त्यांनी तो प्रचंड ग्रंथ सिद्धीस नेला आणि १९६३ साली भारतरत्न झाले. जुन्या विधिग्रंथांत वैद्याची जबाबदारी स्पष्ट सांगितलेली आहे. रोग प्राणघातक आहे याची वर्दी न देता उपचार करणाऱ्या वैद्याचा रोगी दगावल्यास कौटिल्य एक दंड सांगतो; उपचारातील चुकीने दगावल्यास त्याहून मोठा सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र एक मौज आहे. जनावरावर खोटी चिकित्सा केली तर हलका दंड, सामान्य माणसावर केली तर मध्यम, आणि राजपुरुषावर केली तर सर्वांत जबर!

आज आपण याला हसतो. राज्यघटनेने सर्वांना समान केले आहे. परंतु थोडे खोल पाहावे. भरपाई ठरविताना मृताचे उत्पन्न पाहण्याची आजची रीत आहे. परदेशात राहणाऱ्या एका महिलेच्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई दिली. हिशोबात त्यांच्या परदेशातील उत्पन्नाचा विचार होता. न्यायालयाची चूक काढण्याचा आमचा हेतू नाही. घराची जी मिळकत बुडाली ती भरून देणे हेही न्याय्यच आहे. तरी रापणीवर दोरी ओढणाऱ्या माणसाचा जीव, मासळी विकणाऱ्या बाईचा जीव, घरकामात जन्म घालविलेल्या आजीचा जीव या हिशोबात किती भरतो, हा प्रश्न उरतोच. याज्ञवल्क्याचा राजपुरुष दरवाजातून गेला आणि पगाराच्या चिठ्ठीवाटे खिडकीतून परत आला, असे होऊ नये. कायद्याच्या अभ्यासकांनी आज ज्या प्रश्नावर डोके खपवावे असा हा प्रश्न आहे.

दिवाणी भरपाईपुढे फौजदारीची वाट आहे आणि ती फार जपून वापरायची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो; आणि त्यापूर्वी दुसऱ्या निःपक्षपाती वैद्याचे मत घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्याच्या हातून उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. डॉक्टरांना ही सवलत का, असे काहीजण विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की, वादळात होडी घालणाऱ्या तांडेलाला आणि किनाऱ्यावर बसून होडी मोजणाऱ्याला एकच नियम लावून चालत नाही. जो रोज मरणाशी झुंजतो त्याचा हात भीतीने थरथरू लागला तर नुकसान रुग्णाचेच. दवाखान्याची मोडतोड करणे, डॉक्टरवर हात टाकणे हा तर महाराष्ट्रात २०१० च्या खास कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. काचा फोडल्याने गेलेला माणूस परत येत नाही. गावात टिकलेला डॉक्टर मात्र निघून जातो. मग पुढच्या रात्रीच्या रुग्णाला कोण पाहणार?

वैद्याचे देणे सांगितले. आता दुसरे आपले, म्हणजे रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे. या प्रकरणात आम्ही थोडे कडू बोलणार आहोत.

आपल्या जिल्ह्यात गाऱ्हाणे घालण्याची जुनी चाल आहे. देवापुढे उभे राहून मानकरी गाऱ्हाणे सांगतो आणि भोवतालची माणसे ‘होय महाराजा’ म्हणतात. देव अंतर्यामी आहे, त्याला पुरावा लागत नाही. न्यायाधीश अंतर्यामी नसतो. त्याला कागद लागतो. रुग्णाचे कागद मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ते द्यावे लागतात आणि दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली हा हक्क मान्य केला आहे. परंतु मागणीच केली नाही तर? डिस्चार्ज घेताना आपण बिल पाहतो, उपचारांचे कागद पाहत नाही. औषधाची चिठ्ठी पिशवीत, रक्ताचा अहवाल कपाटावर, क्ष-किरणाचे चित्र खाटेखाली! एक फडताळ, एक पिशवी आणि तारखेप्रमाणे लावलेले कागद एवढे जरी प्रत्येक घरात झाले, तरी निम्मे गैरसमज दाव्यापर्यंत जाणारच नाहीत. कारण नीट लिहिलेला कागद निर्दोष डॉक्टरालाही वाचवितो.

दुसरी गोष्ट संमतीची. शस्त्रक्रियेपूर्वी जो कागद पुढे येतो त्यावर आपण डोळे मिटून सही करतो. पुष्कळदा रुग्ण शुद्धीवर असूनही सही नातेवाईकच करतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा खटला आला. एका अविवाहित स्त्रीने फक्त तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने ठरविले की, सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची संमती चालत नाही. तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग असता तर गोष्ट निराळी. ज्याचे शरीर त्याची संमती, आणि तीही काय होणार, धोका काय, दुसरा उपाय कोणता, हे समजावून घेतल्यानंतरची. आपल्या घरांतील बायकांना हे सांगितले पाहिजे. त्यांच्या शरीराचा निर्णय ओटीवर बसलेल्या पुरुषमंडळींत होऊ नये.

तिसरी गोष्ट पैशाची. मोठे आजारपण आले की दागिने गहाण पडतात, कलमांची बाग विकली जाते. म्हणून आता लोक आरोग्यविमा घेऊ लागले आहेत, हे चांगलेच. परंतु विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. मधुमेह असून अर्जात ‘नाही’ लिहिले, तर दावा नाकारणाऱ्या कंपनीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय २००९ साली उभे राहिले आहे. एजंट म्हणतो, ‘लिहा हो, कोण बघतो!’ बघतात, हप्ता घेताना बघत नाहीत, पैसे देताना बघतात. उलट बाजूने हेही ध्यानात ठेवावे की, २०२४ पासूनच्या नियमांनुसार सलग पाच वर्षे हप्ते भरल्यावर, लबाडी सिद्ध झाल्यावाचून, माहिती लपविल्याच्या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही. आणि महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची राज्याची योजना आहे. तिच्यात ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होतानाच तिची चौकशी करावी. बिल झाल्यावर केलेली चौकशी फुकट जाते.

चौथी गोष्ट शेवटच्या दिवसांची. आपल्या घरांतून मुले मुंबईस, पुण्यास, आखातात आहेत. गावात दोघे म्हातारे आणि एक कुत्रा. एखाद्या रात्री म्हाताऱ्याला कृत्रिम श्वासावर ठेवण्याची वेळ येते. थोरला फोनवर म्हणतो ठेवा, धाकटा म्हणतो हाल करू नका, आणि म्हातारीला कोणी विचारतच नाही. यासाठी कायद्याने एक मार्ग खुला केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली. आरंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ साली ही रीत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबविण्याचा निर्णय तरीही वैद्यांची दोन मंडळे तपासतात; म्हणजे कोणी म्हाताऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून घाई करील, ही भीती धरण्याचे कारण नाही. हा कागद कोणी लिहावाच असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला आपले म्हणणे मुलांच्या भांडणात हरवू नये असे वाटते, त्याने तो लिहावा.

आता तिसरा ऋणको, सरकार. पालशेतच्या त्या गोष्टीकडे पुन्हा पाहावे. दाव्यात डॉक्टर होते, रुग्णालय होते, आईबाप होते. एक पक्ष मात्र कोणाच्याच ध्यानी आला नाही. तो म्हणजे ते दोनशे मैल. मांडी मोडल्यापासून पुण्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्या अंतराला कोणी प्रतिवादी केले नाही, कारण अंतराचा मालक कोण, हे त्या काळी कायद्याने सांगितले नव्हते.

पुढे कायद्याने ते सांगितले. एका स्कूटरस्वाराला अपघात झाला, जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून त्याला सुमारे वीस किलोमीटरवर धाडले आणि तो वाटेत गेला. त्यावरून १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, जखमीचा जीव वाचविणे हे सरकारी काय, खाजगी काय, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. पोलिसी सोपस्कार मागाहून. १९९६ चा निवाडा याहून पुढे गेला. बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला. कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. न्यायालयाने सरकारला पंचवीस हजारांची भरपाई द्यावयास लावली आणि बजावले की, वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही.

या मापाने आपल्या किनाऱ्याकडे पाहू. आपली प्रथा आपणांस ठाऊक आहे. दुखणे जड झाले की गाडी दक्षिणेकडे वळते, बांबोळीला, गोमेकॉत. शेजारधर्माने गोव्याने आपली पुष्कळ माणसे वाचविली, हे उपकार विसरू नयेत. परंतु २०१८ च्या जानेवारीपासून तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. गोव्याचे सरकार जे देत होते ते औदार्य होते. आपल्याला ज्यावर हक्क सांगायचा ते देणे महाराष्ट्र सरकारकडे आहे. ओरोसला २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, ही त्या देण्याची एक फेड होय. परंतु इमारत म्हणजे उपचार नव्हे. देवबागच्या टोकावर किंवा आचऱ्याच्या खाडीपलीकडे रात्री छातीत कळ आली, तर एकशेआठची गाडी केव्हा पोहोचते, ती ज्या दारात नेते तेथे त्या रात्री तज्ज्ञ असतो काय, हे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते १९९६ च्या निवाड्याने आपल्या हाती दिलेले प्रश्न आहेत. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदारांपुढे ते याच शब्दांत मांडले पाहिजेत.

अंतर तोडता येते, याचा पुरावा खुद्द न्यायव्यवस्थेने दिला आहे. डॉक्टरची पैसे घेऊन केलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ साली ठरले. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही म्हणून शंका निघाली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दूर केली. त्या नव्या कायद्याने एक फार मोठी सोय केली. तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला तक्रार लावता येते. पुण्यात किंवा मुंबईत उपचार झाला असला, तरी मालवणच्या माणसाने आपल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जावे; मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नये. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच चालू झाले असून त्यात सिंधुदुर्गाचा समावेश आहे. ज्या कामासाठी मुंबई गाठावी लागे ते आता घाट चढून होऊ लागले आहे. न्याय जर घाटमाथ्यापर्यंत खाली उतरू शकतो, तर उपचाराने किनाऱ्यापर्यंत का उतरू नये?

श्रोतेहो, आम्ही तीन ऋणे सांगितली. वैद्य काळजीचे देणे लागतो. आपण सत्याचे आणि सावधपणाचे देणे लागतो. सरकार सान्निध्याचे देणे लागते. पहिल्या ऋणाबद्दल आपण डॉक्टरांशी भांडतो, दुसऱ्याबद्दल गप्प बसतो आणि तिसरे कोणाकडे आहे हेच विसरतो. पुष्कळदा तिसऱ्या ऋणकोवरचा राग आपण पहिल्यावर काढतो: जो तज्ज्ञ तेथे नव्हता त्याची शिक्षा, जो तरुण डॉक्टर एकटा तेथे होता त्याला. हा अन्याय आपल्या हातून तरी होऊ नये.

पालशेतच्या त्या आईबापांना पंधरा वर्षांनी तीन हजार रुपये मिळाले. मुलगा मिळाला नाही. तो कोणत्याच न्यायालयाला देता येत नाही. परंतु त्यांनी ‘दैवात होते’ म्हणून डोळे मिटले नाहीत आणि कोणाच्या काचाही फोडल्या नाहीत. त्यांनी प्रश्न विचारला, नीट विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिले. आज देशातला प्रत्येक रुग्ण त्या उत्तराच्या सावलीत उभा आहे. आपल्या किनाऱ्याच्या एका घराने देशाला दिलेले हे देणे आहे. राहिलेले दोन प्रश्न, गरिबाच्या जिवाच्या मोलाचा आणि अंतराचा, तितक्याच नेटाने विचारणे आता आपल्याकडे लागते.